जॅब: लहान ठोशाचा मोठा इतिहास

१/
लोहा तालुक्यातील माळेगावच्या यात्रेत कुस्त्यांचा फड भरतो, तेव्हा टाळ्या पडतात त्या चितपट करणाऱ्या शेवटच्या डावाला. त्याआधीची खडाखडी, म्हणजे हाताला हात भिडवून प्रतिस्पर्ध्याचे बळ, तोल आणि घाई जोखण्याची क्रिया, जाणकारांखेरीज फारसे कोणी पाहत नाही. मुष्टियुद्धातही हेच घडते. लोकांच्या लक्षात राहतो तो प्रतिस्पर्ध्याला आडवा करणारा शेवटचा ठोसा. लढत मात्र बहुधा त्याआधीच ठरलेली असते, आणि ती ठरवणाऱ्या ठोशाचे नाव आहे जॅब.

२/
जॅब म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा. उजव्या हाताच्या योद्ध्याचा डावा हात पुढे असतो. तो प्रतिस्पर्ध्याच्या सर्वांत जवळ असल्यामुळे त्याला अंतर कमी आणि वेळही कमी लागतो. मागच्या हाताच्या ठोशात कंबर, खांदा आणि मागचा पाय यांचे सारे बळ उतरते, परंतु तो चुकला तर मारणाराच उघडा पडतो. जॅबमध्ये देहभार फारसा पुढे झुकत नाही. हात जातो, लागतो आणि तितक्याच वेगाने हनुवटीपाशी परत येतो. हे परत येणे विसरले, तर जॅबचे निम्मे सामर्थ्य संपते.

३/
या ठोशाची कामे तीन. पहिले, अंतर राखणे: समोरच्याला हव्या त्या टप्प्यात येऊ न देणे. दुसरे, लय मोडणे: तो स्वतःचा डाव मांडू लागताच चेहऱ्यावर ठोसा बसला, की त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. तिसरे, दार उघडणे: जॅब अडवण्यासाठी त्याचा हात हलला, की मागच्या जड ठोशाला वाट मिळते. म्हणून जॅबची ताकद त्याच्या आघातात मोजू नये. समोरच्याला त्याने काय करण्यास भाग पाडले, यावरून ती मोजावी.

४/
७ सप्टेंबर १८९२ रोजी न्यू ऑर्लिन्स येथे जॉन सुलिव्हन आणि जेम्स कॉर्बेट समोरासमोर आले. सुलिव्हन हा एका ठोशात माणूस लोळवणारा, त्या काळचा दबदबा. कॉर्बेट वजनाने बराच हलका, पूर्वी बँकेत कारकून. त्याने सुलिव्हनच्या बळाशी बळाने झुंज घेतलीच नाही. सरकत, निसटत आणि डाव्या हाताने टोचत त्याने त्याला थकवले आणि एकविसाव्या फेरीत खाली पाडले. हातमोजे घालून, क्वीन्सबेरी नियमांखाली झालेल्या या लढतीने मुष्टियुद्धाची दिशा बदलली.

५/
आता गोदाकाठी या. १७२७ मध्ये निजामउल्मुल्काने कोल्हापूरच्या संभाजीराजांची बाजू घेऊन शाहू महाराजांच्या चौथाईच्या हक्कालाच आव्हान दिले. त्याच्याकडे जड तोफखाना होता. मैदानात समोरासमोर लढाई व्हावी, हेच त्याच्या सोयीचे होते. बाजीरावांनी त्याला ते मैदान दिले नाही. जालन्याकडील मुलूख लुटून ते पुढे सरकले. बुऱ्हाणपुरावर जाण्याची हूल दिली आणि गुजरातेत उतरले. निजामाने पुणे गाठले, तरीही बाजीराव पुण्याच्या बचावासाठी धावले नाहीत. उलट त्यांनी औरंगाबादच्या बाजूस धोका निर्माण केला.

६/
येथे जॅबची तिन्ही कामे दिसतात. अंतर राखले गेले, कारण निजामाच्या तोफांच्या टप्प्यात मराठी फौज आलीच नाही. लय मोडली, कारण प्रत्येक हालचालीनंतर निजामाला आपला बेत बदलावा लागला. आणि दार उघडले, कारण घाईने परतताना जड तोफखाना मागे ठेवून तो गोदावरीपार आला. फेब्रुवारी १७२८ मध्ये वैजापूरजवळच्या पालखेड येथे तो वेढला गेला. त्याचे अन्न आणि पाणी तोडण्यात आले. मोठी रणधुमाळी न होताच ६ मार्च १७२८ रोजी मुंगी-शेवगावचा तह झाला आणि दख्खनच्या चौथ-सरदेशमुखीवरील शाहूंचा हक्क निजामाला मान्य करावा लागला.

७/
गनिमी काव्याला ‘मारा आणि पळा’ असे म्हणणे हे जॅबला ‘नुसती टोचणी’ म्हणण्यासारखे आहे. पळणे आणि परत येणे यांत फरक आहे. पळणाऱ्याला पुढचा ठोसा मारता येत नाही. परत आलेला हात मात्र पुन्हा सज्ज असतो. पालखेडच्या मोहिमेत मराठी फौज निसटत होती ती पुढच्या टोल्यासाठी.

८/
येथे एक आक्षेप रास्त आहे. नुसत्या जॅबने दरवेळी लढत जिंकता येत नाही, आणि जड ठोशाचे महत्त्व नाकारणे हा उलट दिशेचा भाबडेपणा ठरेल. त्याचा पुरावा लोह्यापासून फार दूर नाही. फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीरच्या मोहिमेत सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवले, त्यात इब्राहिमखान गारद्याच्या तोफखान्याचा मोठा वाटा होता. सुमारे साठ लाखांचा मुलूख आणि दौलताबादसारखा किल्ला मराठ्यांकडे आला. तो जड ठोसा होता, आणि तो अचूक लागला.

९/
परंतु यशस्वी ठोशाचा एक धोका असतो: योद्धा त्याच्या प्रेमात पडतो. उत्तरेच्या मोहिमेत मल्हारराव होळकर आणि सूरजमल जाट यांनी जड सामान व बुणगे मागे ठेवून हलक्या फौजेने लढावे असा सल्ला दिल्याचे सांगितले जाते. तो मानला गेला नाही. तोफखाना, बुणगे आणि यात्रेकरू यांच्यासह प्रचंड लष्कर पुढे गेले. १७ ऑक्टोबर १७६० रोजी कुंजपुरा घेतला, हा ठोसा उत्तमच होता. पण हात परत येण्याआधीच अब्दालीने बागपताजवळ यमुना ओलांडली आणि मराठ्यांचा दिल्लीकडचा रस्ता तोडला.

१०/
मुष्टियुद्धाच्या इतिहासात याला जोडीचे उदाहरण आहे. १९ जून १९३६ रोजी न्यू यॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये मॅक्स श्मेलिंगने जो लुईला बाराव्या फेरीत हरवले. लुईचा जॅब अप्रतिम होता, मात्र तो मारल्यावर त्याचा डावा हात खाली येई. चित्रफिती पाहून श्मेलिंगने ही उणीव हेरली आणि त्या फटीतून उजव्या हाताचे ठोसे मारत राहिला. २२ जून १९३८ च्या फेरलढतीत लुईने त्याला पहिल्याच फेरीत संपवले. लुईला दुसरी संधी मिळाली. पानिपतावर भाऊंना ती मिळाली नाही.

११/
पानिपतावर जॅब वापरला गेला, पण तो अब्दालीकडून. सुमारे अडीच महिने त्याच्या घोडदळाने मराठी छावणीची रसद टोचून टोचून तोडली. रसदीचा मोठा आधार असलेले गोविंदपंत बुंदेले डिसेंबर १७६० मध्ये मारले गेले. १४ जानेवारी १७६१ रोजी जे सैन्य मैदानात उतरले, ते आधीच भुकेने खचलेले होते. पालखेडला निजामाचे जे झाले, तेच तेहतीस वर्षांच्या आत मराठ्यांचे झाले. पेच तोच होता, फक्त तो टाकणारे आणि त्यात अडकणारे बदलले होते.

१२/
म्हणून पानिपताचा विचार केवळ १४ जानेवारीच्या एका दिवसापुरता करणे अपुरे आहे. विश्वासरावांना गोळी लागली नसती तर काय झाले असते, हा प्रश्न रंगतदार आहे. धान्य कोणत्या वाटेने येत होते आणि ती वाट कोणी, कधी तोडली, हा प्रश्न कोरडा वाटतो. परंतु निकालाचे कारण अधिक सापडते ते दुसऱ्या प्रश्नात. पालखेडचे नाव आजही पानिपताइतके सर्वतोमुखी नाही, याचे एक कारण हेच की तेथे डोळ्यांत भरणारा शेवटचा घाव नव्हता. ज्या मोहिमेत कमीत कमी माणसे गमावून सर्वाधिक मिळवले गेले, ती विस्मरणात जावी आणि सर्वस्व गमावलेला दिवस मात्र पाठ असावा, ही आपल्या इतिहासवाचनातील उणीव आहे. इतिहासाच्या तरुण अभ्यासकांनी पुढच्या वेळी एखाद्या लढाईचा नकाशा उघडला, तर रणमैदानाच्या आधी रस्ते, नदीचे उतार आणि पाणवठे पाहावेत. शेवटचा ठोसा कोठे बसणार, हे बहुतेक वेळा तेथेच ठरलेले असते.