नाच तोच, कायदे दोन
पिंपळगाव रेणुकाईच्या पारावर मुंबईच्या डान्सबारचा विषय निघाला, की "बंदी हवीच होती" म्हणणारे भेटतात. दारूपायी जिचा संसार बुडाला, तिने म्हटले तर समजू शकते. पण बंधू-भगिनींनो, २००५ ची बंदी होती कशी? साध्या बारमध्ये नाच हा गुन्हा. पर्यटनाच्या नावाखाली तीन तारांकित व त्यावरच्या हॉटेलांना मात्र सूट! पैसेवाल्या पाहुण्यापुढे नाचले तर अब्रू जात नाही काय?

संविधानातील समता व व्यवसायस्वातंत्र्याच्या आधारे मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ही बंदी रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल २०१३ मध्ये कायम केला. बेकार झालेल्या अनेकींना घर चालवण्यासाठी देहविक्रयाकडे वळावे लागले, हेही त्या निकालात नमूद आहे.