शक्तीवर अंकुश कोणाचा?

विदेशी कार्टून मालिकांविषयी आपल्या घरांतून साधारणतः दोन मते ऐकू येतात. एक, हा सारा पोरखेळ आहे. दुसरे, यांमुळे मुलांवरील संस्कार बिघडतात, तेव्हा दूरचित्रवाणी संच बंद करावा. दोन्ही मतांत एक सोय आहे : मालिका प्रत्यक्ष पाहण्याचे कष्ट वाचतात. 'जस्टिस लीग' ही अमेरिकी मालिका मात्र पाहूनच मत बनवावे अशा योग्यतेची आहे. नोव्हेंबर २००१ मध्ये कार्टून नेटवर्कवर ती सुरू झाली, २००४ पासून 'जस्टिस लीग अनलिमिटेड' या नावाने पुढे चालली आणि २००६ मध्ये संपली. एकूण ९१ भाग. त्या काळी ती पाहत वाढलेली मुले आज स्वतः आईबाप झाली आहेत आणि आपल्या मुलांना काय दाखवावे, या विचारात आहेत.

सुपरमॅन, बॅटमॅन, वंडर वुमन, फ्लॅश, ग्रीन लँटर्न, हॉकगर्ल आणि मंगळावरून आलेला जॉन जोन्झ असे सात जण एकत्र येतात, ही मूळ कल्पना. कल्पना आकर्षक आहे, पण निभावण्यास अवघड. सातांतील एक जण पर्वत उचलतो आणि दुसरा केवळ बुद्धी व सराव यांच्या बळावर उभा आहे. मग दुसऱ्याला काम कोणते उरावे? पहिल्या वर्षी लेखकांनी सोपी वाट धरली. प्रत्येक संकटात सुपरमॅनला आधी आडवा पाडायचा, म्हणजे इतरांना वाव मिळतो! दोन-दोन भागांत ताणलेल्या त्या कथा आज पाहताना कंटाळा येतो. दुर्गासप्तशतीच्या दुसऱ्या अध्यायात सर्व देवांचे तेज एकवटून देवी प्रकट होते आणि प्रत्येक देव आपले आयुध तिच्या हाती देतो. तेथे कोणाच्या वाट्याला किती युद्ध आले, हा प्रश्नच उद्भवत नाही. लीगमधील प्रत्येक जण आपले नाव, पोशाख आणि अहंकार घेऊनच सभेला बसतो. एकत्रीकरणाच्या या दोन कल्पनांत महदंतर आहे.

असे असूनही दुसऱ्या वर्षी मालिका एकदम प्रौढ होते. २००३ मधील 'अ बेटर वर्ल्ड' ही दोन भागांची कथा त्याचा उत्तम दाखला. एका समांतर जगात लेक्स लूथर हा खलपुरुष अमेरिकेचा अध्यक्ष झालेला आहे. फ्लॅश त्याच्या हातून मारला गेला आहे आणि तेथील सुपरमॅन लूथरचा वध करतो. येथवर प्रेक्षक टाळ्याच वाजवील. परंतु त्यानंतर ही वीरमंडळी जगाचा कारभारच हाती घेतात. गुन्हे संपतात, रस्ते स्वच्छ होतात, विरोधाचा स्वर बंद होतो.

दोन जगांतील दोन बॅटमॅन समोरासमोर येतात, तो प्रसंग मुळातून पाहावा. तेथील बॅटमॅन म्हणतो की, आम्ही घडविलेल्या जगात कोण्या गुंडाच्या बंदुकीमुळे आठ वर्षांचे पोर अनाथ होणार नाही. स्वतः तसाच अनाथ झालेला आपला बॅटमॅन यावर निरुत्तर होतो. पुढे त्या निर्मळ नगरीतून मोटारीने जाताना त्याला दिसते ते असे : उपाहारगृहाच्या बिलावरून कुरकुर करणाऱ्या एका सामान्य ग्राहकाला शिपाई पकडून नेत आहेत. बस्स, तेवढ्याने सारा युक्तिवाद कोसळतो.

आपल्या पिढीला या कथेचे भाष्य करून सांगण्याची गरज नाही. १९७५ ते १९७७ या काळात गाड्या वेळेवर धावत असल्याचे आणि कचेऱ्यांत बाबू वेळेवर येत असल्याचे दाखले आपल्यालाही ऐकविले गेले होते. कर्ता पुरुष येरवड्याला वा नाशिकला मिसाखाली स्थानबद्ध आणि घरात चूल कशी पेटवावी ही विवंचना, असे दिवस काढलेली कुटुंबे आजही आपल्यात आहेत. नातवंडांना आणीबाणी समजावून सांगू पाहणाऱ्या आजोबांनी या दोन भागांची मदत घेण्यास हरकत नाही. भाषणापेक्षा त्या ग्राहकाची अटक मुलांच्या अधिक लक्षात राहील.

'अनलिमिटेड'मध्ये हाच धागा पुढे जातो. अंतराळात फिरणाऱ्या लीगच्या ठाण्यावर एक महाअस्त्र बसविलेले आहे आणि त्याचे तोंड पृथ्वीकडे आहे. शासनाला भय वाटते. अमांडा वॉलर ही करारी अधिकारी गुप्तपणे प्रतिशस्त्र सिद्ध करू लागते. तिची बाजू लेखकांनी दुबळी केली नाही, हे त्यांचे मोठेपण. ते अस्त्र खरोखरच डागले जाते तेव्हा बॅटमॅन वगळता इतर सहा संस्थापक चौकशी होईपर्यंत स्वतःहून शासनाच्या स्वाधीन होतात. सामर्थ्य असूनही कायद्यापुढे मान तुकविणे, हे दृश्य मुलांच्या मालिकेत दुर्मीळच म्हटले पाहिजे. मात्र शेवटी लेखकांचे धैर्य कमी पडते. अस्त्र डागण्यामागे लूथरच्या देहात दडलेला ब्रेनियॅक होता, असे निष्पन्न होते आणि खलनायक पडताच मूळ प्रश्नही गुंडाळला जातो. लीगने पृथ्वीवर एक ठाणे उघडले, एवढ्यावर समाधान मानावयाचे. या मंडळींनी उत्तरदायी कोणाला असावे, हे अखेरपर्यंत ठरत नाही.

आणखीही उणिवा आहेत. वंडर वुमनच्या निमित्ताने हेडीस, एरीस ही ग्रीक दैवते येतात, ती केवळ खलनायक म्हणून. ज्यांची देवळे ओस पडली, त्यांच्या वाट्याला हेच यावयाचे! सामान्य नागरिक तर येथे पळण्यासाठी आणि वाचविले जाण्यासाठीच जन्माला आलेला दिसतो. ज्या समाजासाठी हे वीर लढतात, तो समाज स्वतः उभा राहिल्याचे प्रसंग फारच थोडे. कुटुंबही जवळजवळ नाही. अपवाद २००३ च्या नाताळच्या भागाचा. क्लार्क म्हणजे आपला सुपरमॅन, एकाकी जॉन जोन्झला सुटीत आपल्या आईवडिलांच्या शेतावर घेऊन येतो. ते साधे शेतकरी दांपत्य या परग्रहवासी पाहुण्याला ज्या सहजतेने घरात सामावून घेते, ते पाहून आपल्याकडील खेड्यातील एखादे घर आठवावे. त्या भागात युद्ध नाममात्रच आहे, आणि तरीही तो ९१ भागांतील सर्वाधिक जिव्हाळ्याचा आहे.

पुढे लीगचा विस्तार होऊन सभासदसंख्या पन्नासाच्या वर गेली, तेव्हा अनेक जण पार्श्वभूमीला उभे राहण्यापुरतेच उरले. त्यावरच बेतलेला २००४ मधील एक भाग कार्यकर्त्यांनी आवर्जून पाहावा. बूस्टर गोल्ड हा प्रसिद्धीचा हपापलेला, काहीसा हास्यास्पद वीर. मोठे युद्ध चालू असताना त्याला काम मिळते ते गर्दी आवरण्याचे. महाशिबिरात व्यासपीठाऐवजी पादत्राणांची व्यवस्था वाट्याला आलेल्यांना त्याचा चेहरा ओळखीचा वाटेल. त्याच वेळी नगराच्या दुसऱ्या टोकाला एका शास्त्रज्ञाच्या शरीरात कृष्णविवर निर्माण होते आणि ते निवारण्याचे काम या एकट्यावर येऊन पडते. तो ते पार पाडतो. कोणी पाहत नाही, वृत्तपत्रांत ओळ येत नाही. परत येतो तो नेमलेली जागा सोडल्याबद्दल बॅटमॅनचे बोल ऐकण्यासाठी. घडले ते तो सांगू पाहतो, पण कोणाला ऐकावयास सवड नसते.