लेकराच्या वाटीत घट्ट वरण वाढा

सिल्लोड तालुक्यात ज्यांच्या घरी पाच वर्षांच्या आतलं लेकरू आहे, त्या सगळ्या आईबापांना विनंती आहे: वरणात पाणी कमी घाला, आणि मिरची पडण्याआधी लेकराची वाटी बाजूला काढून ठेवा. यासाठी फार पैसा लागत नाही, वेळही लागत नाही.

आपला तालुका हिरव्या मिरचीचा. शेतात जाणाऱ्या मोठ्या माणसाचं ठेचा-भाकरीवर भागतं. लेकराला ते तिखट सोसत नाही. एक घास खाऊन ते रडतं, मग आई हातात चहा-बिस्किट देते आणि कामाला लागते. तिचा दोष नाही, कापूस वेचायला वेळेवर पोचायचं असतं. पण त्या चहाने भूक मरते आणि अन्नातलं लोहही अंगी लागत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या शंभर मुलांपैकी 35 मुलांची उंची वयाच्या मानाने कमी भरली. सहा महिने ते पाच वर्षांच्या शंभरातल्या जवळपास 69 मुलांना रक्तक्षय होता. एवढी मुलं काही उपाशी घरांतली नाहीत. पुष्कळांचं पोट भरतं, पण नुसत्या भाकरीने आणि बिस्किटाने.

भाकरी चांगलीच आहे, ती सोडू नका. फक्त तिला डाळीची जोड हवी. ज्वारी, बाजरी, मका यांच्या प्रथिनांत जो घटक कमी पडतो, तो डाळीत भरपूर असतो. दोन्ही एका जेवणात आले की शरीर वाढतं. मक्याच्या बाबतीत हे जास्तच लागू आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुख्यतः मक्यावर जगणाऱ्या गरीब घरांत पेलाग्रा नावाचा आजार पसरला होता. अंगावर चट्टे उठत, जुलाब होत, भ्रमही होई. डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी 1914 पासून शोध घेऊन दाखवून दिलं की ही साथ नाही, अपुऱ्या आहाराचा हा परिणाम आहे. आपल्याकडे मका पिकतो, तो खुशाल खा, पण डाळीशिवाय नको. आणि डाळ म्हणजे वरचं पिवळं पाणी नव्हे. लेकराचं पोट लहान असतं, ते पाण्याने भरलं की संपलं. पळी तळापर्यंत घालून घट्ट वरण वाढा.

सगळ्यांत सोपा आणि स्वस्त पदार्थ म्हणाल तर गरगटं. चार माणसांना एक वाटी तुरीची डाळ, मूठभर शेंगदाण्याचं कूट आणि एक जुडी पालक, चुका किंवा तांदुळजा, जी भाजी त्या दिवशी बाजारात स्वस्त असेल ती. सगळं कुकरमध्ये एकत्र घाला, तीन-चार शिट्ट्या द्या, रवीने घोटा. तेलात जिरं आणि लसूण परतून फोडणी ओता, मीठ घाला, एक उकळी येऊ द्या. आता लेकराची वाटी काढा. त्यानंतर थोड्या तेलात मिरच्या तळून उरलेल्या गरगट्यात टाका. मोठ्यांना हवं तेवढं तिखट मिळालं आणि चूल एकदाच पेटली. लेकराच्या वाटीत भाकरी कुस्करा, वर तेल किंवा तूप चमचाभर घाला आणि लिंबू पिळा. लिंबामुळे भाजीतलं लोह शरीराला जास्त मिळतं.

संध्याकाळी थकून आल्यावर खिचडी टाका. रेशनचा तांदूळ दोन वाट्या असेल तर मुगाची डाळ एक वाटी घ्या, नुसती चिमूटभर नको. त्यात लाल भोपळ्याच्या फोडी किंवा शेवग्याचा ओंजळभर पाला टाका. शेवगा बांधावर असेल तर तो पाला फुकट आहे, आणि त्यात लोहही आहे, अ जीवनसत्त्वही. मटकी रात्री भिजवून सकाळी फडक्यात बांधली तर दुसऱ्या दिवसाच्या उसळीची सोय होते. घरात अंडं चालत असेल तर लेकराला उकडून द्या, एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम प्रथिनं असतात.

आता पाच रुपयांच्या पुड्याबद्दल. बिस्किटात मुख्यतः मैदा, साखर आणि पामतेल. कुरकुरीत पुड्यांत मीठ आणि तेल. 30 ग्रॅम शेंगदाण्यांत मात्र 7 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात आणि खर्च जवळपास तेवढाच येतो. रविवारी दाणे भाजून कूट करा, गूळ घालून लाडू वळा, आठवडा निघतो. लहान लेकराच्या हातात अख्खे दाणे मात्र देऊ नका, ते श्वासनलिकेत अडकतात. लेकरू दुकानापाशी हट्ट करणारच. तिथे पुडा घेऊन देणारा बहुतेक वेळा बाप असतो, म्हणून हे बापांनीही मनावर घ्यायला हवं. डाळ आणणं, दाणे भाजणं, मटकी भिजवणं ही कामं पुरुषाला येतात.

बाळ सहा महिन्यांचं झालं की अंगावरच्या दुधासोबत हेच अन्न मऊ कुस्करून सुरू करा. दूध दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही चालू द्या. अंगणवाडीतून लेकरासाठी मिळणारा आहार लेकरालाच द्या, तो सगळ्या घरात वाटून संपवू नका.

दर महिन्याला लेकराला अंगणवाडीत नेऊन वजन करून घ्या आणि तक्त्यावरची रेघ ताईंकडून समजून घ्या. दोन महिने वजन वाढलं नाही तर वाट पाहू नका, सरकारी दवाखान्यात दाखवा.