गाळलेलं कडवं

वर्षभर एक गोष्ट मला डाचते आहे. ती या पानावर मांडल्याशिवाय अंक छापखान्यात पाठवायचा नाही, असं मनाशी ठरवलं होतं. आपण भावगीतं अर्धी गायला लागलो आहोत. ध्रुवपद, एक कडवं, पुन्हा ध्रुवपद, टाळ्या आणि लगेच पुढचं गाणं. दिवाळी पहाट असो, कोजागरीची मैफल असो की एखाद्या संस्थेचा वर्धापनदिन, सगळीकडे हाच शिरस्ता. नुसते मुखडे एकापुढे एक गुंफलेली 'मेडली' तर आता खास आकर्षण म्हणून जाहिरातीत छापली जाते. फोनवर गाणं अर्ध्या मिनिटावर आलं आहे. आयोजकांना विचारलं की उत्तर ठरलेलं असतं : लोकांना धीर नाही.

२०२५ चं हे वर्ष काही साधं नव्हतं. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळून वर्ष झालं. शाळेत पहिलीपासून हिंदी शिकवण्यावरून महाराष्ट्र ढवळून निघाला आणि सरकारला निर्णय मागे घ्यावे लागले. शिवकालीन बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. मे महिन्यातच आलेल्या पावसानं सप्टेंबरात मराठवाड्याची उभी पिकं नेली. या सगळ्यावर अंकात जाणकारांनी लिहिलं आहे आणि ते माझ्यापेक्षा अधिकारानं लिहिलं आहे. मला बोलायचं आहे ते गाण्याबद्दल. भाषेच्या अभिमानाचं एवढं मोठं वर्ष गेलं आणि त्याच वर्षात आपल्या भाषेतल्या सर्वांत लाडक्या कविता आपण व्यासपीठावर निम्म्या करून गायलो, हे मला सहन होत नाही.

ज्या गाण्यांसाठी धीर नाही असं म्हणतात, ती मुळात किती लांब आहेत? ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम सव्वातीन मिनिटांचं गाणं मावे. ख्यालाला ही जागा अपुरी होती, नाट्यपदाला अडचणीची होती. भावगीत मात्र त्या सव्वातीन मिनिटांसाठीच घडलं. कविता लांब असली तर संगीतकार कवितेतली कडवी निवडे. कुठलं ठेवायचं, कुठल्यावर संपवायचं, यावर विचार झालेला असे. म्हणजे जी काटछाट करायची ती जाणत्या हातांनी आधीच केलेली आहे. उरलं आहे त्यात फेकण्याजोगं काही नाही.

हे गाणं जन्माला कसं आलं तेही आठवायला हवं. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानचं गाणं ध्वनिमुद्रित झालं, तेव्हा गाणाऱ्याला भोंग्यात तोंड घालून खणखणीत आवाज लावावा लागे. हळू गायलेलं मेणावर उमटतच नसे. १९२५ मध्ये पाश्चात्त्य देशांत विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं, काही वर्षांत ते आपल्याकडे पोचलं आणि भोंग्याच्या जागी मायक्रोफोन आला. आता शेजारी बसून बोलावं इतक्या हलक्या आवाजात गाता येऊ लागलं. शब्दाचा शेवटचा अर्धा उच्चारही ऐकणाऱ्यापर्यंत जाऊ लागला. इकडे पुण्यात १९२३ पासून रविकिरण मंडळातले यशवंत, गिरीश, माधव जूलियन काव्यगायनानं लोकांना कविता कानांनी ऐकायची सवय लावत होते. यंत्र आणि कान, दोन्हींची तयारी एकाच वेळी झाली. त्यातून भावगीत उभं राहिलं.

नागपूरचे जी. एन. जोशी शिक्षणानं वकील. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे हेही वकीलच. देशपांड्यांची 'शीळ' ही कविता जोशींनी गायली आणि १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला तिची तबकडी निघाली. मराठी भावगीताच्या इतिहासाची सुरुवात बहुतेक जण तिथून धरतात. ज्या संग्रहाला या कवितेचं नाव मिळालं, तो 'शीळ' प्रसिद्ध झाला १९५४ साली. म्हणजे पुस्तक निघायच्या वीसेक वर्षं आधी ती कविता महाराष्ट्राच्या ओठांवर होती. ज्या घरात कवितेचं एकही पुस्तक नव्हतं, तिथेही ती फोनोच्या पेटीतून पोचली. पुढे जोशी एचएमव्ही या तबकड्या काढणाऱ्या कंपनीतच गेले आणि कितीतरी थोर गवयांचं गाणं त्यांनी तबकड्यांवर आणलं. त्यांच्याच काळात जे. एल. रानडे गात होते. मागून गजानन वाटवे आले आणि त्यांनी कविता थेट रस्त्यावर नेली. गणेशोत्सवात पुण्याच्या चौकांत वाटवे पेटी घेऊन बसत आणि माणसं रस्त्यावर बसून ऐकत. त्या गर्दीत प्राध्यापक होते आणि हमालही. कविता अर्धी ऐकून कोणी उठत नसे.

या गाण्यांना हळवी, बाळबोध म्हणण्याची एक रीत आहे. त्या काळच्या शास्त्रीय संगीतवाल्यांनीही त्यांना कमी लेखलं. पण जुनी तबकडी नीट ऐकावी. गाणारा रडत नाही, आवाज कापत नाही, शब्दावर उगाच रेंगाळत नाही. दुःख कवितेत आहे, गाणारा ते फक्त स्पष्ट उच्चारतो. यशवंत देवांनी पुढे याच गाण्याला 'शब्दप्रधान गायकी' म्हटलं आणि त्या नावानं पुस्तकच लिहिलं. शब्द प्रधान असेल, तर शब्दांची वाट शेवटपर्यंत चालायला हवी.

ज्योत्स्ना भोळे यांचं 'माझिया माहेरा जा' घ्या. कविता राजा बढे यांची, चाल पु. ल. देशपांडे यांची. सासरची मुलगी पाखराला माहेरी धाडते. सोबतीला आपलं मन देते, मग भावाचं घर येतं, वहिनी येते, अंगणातला पारिजात येतो. कडव्यागणिक माहेर जवळ येत जातं. एका कडव्यावर गाणं थांबवलं की पाखरू वाटेतच राहतं. 'गीतरामायणा'तलं 'पराधीन आहे जगती' घ्या. भरताला समजावत राम एकेक मुद्दा मांडत जातो आणि शेवटी त्याला माघारी पाठवतो. मधली कडवी काढली की त्या समजावण्याचं सुभाषित होतं आणि समोर उभा असलेला भाऊ नाहीसा होतो. १९५५ च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवरून ती छप्पन्न गीतं आठवड्याला एक अशी वर्षभर लागत होती. अख्खं घर रेडिओभोवती बसून ती पुरी ऐकत असे. तो धीर आज कुठे गेला, हा प्रश्न श्रोत्यांना विचारण्याआधी व्यासपीठाला विचारायला हवा. एका कडव्याला दीड मिनिट लागतं म्हणून ते गाळायचं आणि 'तो काळच वेगळा होता' हे सांगणाऱ्या निवेदनाला पाच मिनिटं द्यायची, हा हिशेब मला मान्य नाही.

त्या निवेदनातला दुसरा अन्याय याहून मोठा आहे. गायिकेचं नाव येतं, बहुधा संगीतकाराचं येतं, कवीचं नाव मात्र निम्म्या वेळा येत नाही. ज्याच्या कडव्यांना कात्री लावली, वर त्याचं नावही घ्यायचं नाही!

विशीतली मुलं ही गाणी आज आवडीनं ऐकताना मी पाहतो. त्यांनी ग्रामोफोन पाहिलेला नाही, चावी दिलेली नाही, सुई बदललेली नाही. त्यांना आठवणीत रमायला आठवणच नाही. तरीही ती ऐकतात, कारण कोणीतरी शांतपणे, आपल्या भाषेत, एक गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगतं आहे. ही गाणी जुनी म्हणून टिकलेली नाहीत, पूर्ण आहेत म्हणून टिकली आहेत. पूर्ण ऐकायची सोयही आज आहे. १९९० मध्ये मुंबईत सुरू झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्ससारख्या संस्थेनं आणि कितीतरी अनाम संग्राहकांनी या तबकड्या जपल्या. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणावरचा हक्क ६० वर्षांनी संपतो, त्यामुळे १९३० आणि १९४० च्या दशकांतली ध्वनिमुद्रणं आता सर्वांची आहेत. सर्वांची झालेली वस्तू नीट वापरण्याची जबाबदारीही सर्वांची असते.

यंदाच्या विशेष विभागाचा विषय आहे 'घाई'. शेती, वैद्यक, शाळा आणि शहरातली वाहतूक यांत घाईनं काय केलं, ते लेखकांनी उलगडून दाखवलं आहे. गाण्यावर वेगळा लेख नाही, त्याची भरपाई या पानानं केली असं समजावं.

दिवाळी पहाटेच्या गायकांना आणि आयोजकांना माझी कळकळीची विनंती आहे. पंधरा गाणी ठरली असतील तर दहा करा, पण ती पुरी गा आणि प्रत्येक गाण्याआधी कवीचं नाव घ्या. श्रोत्यांनीही एक कडवं झाल्यावर टाळ्या वाजवू नयेत. गाणं अर्धं सुटलं तर उरलेली कडवी मागून घ्यावीत. तो तुमचा हक्क आहे.

हा नियम आम्ही आधी स्वतःला लावला आहे. या अंकातल्या कवितांमध्ये काही लांब आहेत, एक तर तीन पानं चालते. जाहिरातीसाठी जागा कमी पडली तेव्हा जाहिरात पुढच्या अंकावर ढकलली, कवितेची एकही ओळ कापली नाही. ती कविता सवडीनं, शेवटपर्यंत वाचा.