मोबाईलच्या पडद्यावरची नवी वेस

कायदा पुस्तकात असतो, पण गरिबाला त्याचा लाभ मिळतो तो अर्जातून. कोर्टकचेरीत वावरताना आम्ही हे रोज पाहतो. एखाद्याचा हक्क बुडवायचा असेल तर आता कायदा बदलावा लागत नाही, अर्जातला एक प्रश्न वाकडा विचारला तरी पुरते. तो मुद्दाम वाकडा विचारला की निष्काळजीपणाने, याने ज्याचे पैसे बुडाले त्याला काहीच फरक पडत नाही.

ताजे उदाहरण ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे. जुलै २०२४ पासून दरमहा १५०० रुपये देणाऱ्या या योजनेत शासनाने सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची केली. बाईने स्वतःचा आधार क्रमांक व ओटीपी दिला की पुढे पती किंवा वडिलांचा आधार क्रमांक आणि ओटीपी मागितला जाई. जिचा नवरा वारला, वडीलही वारले, किंवा जिला नवऱ्याने टाकले, तिने काय करायचे? याचे उत्तर त्या पडद्यावर नव्हते. प्रत्येक बाईच्या मागे एक पुरुष असतोच, असे अर्ज आखणाऱ्याने गृहीत धरले होते. मनुस्मृती जाळून जवळपास शंभर वर्षे होत आली, तरी तिचे गृहीतक संगणकात जाऊन बसले! ओरड झाल्यावर शासनाने अशा महिलांसाठी कागदपत्रे देण्याची वाट काढली आणि मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवली.

दुसरा घोळ त्याहून मोठा. कुटुंबात कोणी सरकारी नोकरीत नाही, अशा अर्थाचे नकारार्थी विधान आणि त्यापुढे ‘होय’ किंवा ‘नाही’. आमच्या घरात कुठला आलाय सरकारी नोकर, म्हणून बायांनी ‘नाही’ दाबले. यंत्राने त्याचा अर्थ नेमका उलटा घेतला. मजुरी करणारी बाई कागदोपत्री नोकरदाराच्या घरची ठरली आणि तिचा हप्ता थांबला. अखेर जानेवारी २०२६ मध्ये अंगणवाडी सेविकांमार्फत प्रत्यक्ष पडताळणी करण्याचे जाहीर करावे लागले. अर्ज सुरू करण्यापूर्वी पाच बायांना समोर बसवून तो भरून घेतला असता, तर ही चूक एका दुपारी सापडली असती.

बीड जिल्ह्याच्या दृष्टीने याचा विचार करा. सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, पिके आणि घरे पाण्यात गेली. नोव्हेंबरात गाळप हंगाम सुरू झाला. पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केजची बौद्ध, मातंग, वंजारी, बंजारा कुटुंबे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या फडावर गेली. घरात फोन एक, तो नवऱ्याच्या खिशात, आणि फडावर रेंज नाही. मुदत ठरवणाऱ्याला हंगाम माहीत नव्हता, की माहीत असूनही त्याला ही बाई दिसली नाही? पूर्वी गावाच्या वेशीबाहेर आमची वस्ती असे. आता ती वेस मोबाईलच्या पडद्यावर आली आहे, आणि बाहेर राहणारे तेच आहेत.

या प्रश्नाचा शास्त्रशुद्ध अभ्यास करणारा एक विषय विद्यापीठांत शिकवला जातो, हे आपल्या समाजातल्या फार थोड्या मुलांना ठाऊक आहे. त्याला ‘ह्यूमन-कॉम्प्युटर इंटरॅक्शन’ म्हणतात. मराठीत मानव-संगणक संवाद म्हणू. माणूस यंत्र कसे वापरतो, कुठे अडतो, कोणता शब्द चुकीचा समजतो, कोणते बटण त्याला दिसत नाही, याचे निरीक्षण करून रचना सुधारायची, हा त्याचा गाभा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डॉन नॉर्मन यांनी १९८८ साली या विचाराची मांडणी करणारे पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, वापरणारा पुन्हा पुन्हा चुकत असेल तर दोष त्याचा नसून वस्तूच्या रचनेचा असतो. चळवळीच्या माणसाला हे नवे वाटू नये. दोष तुझ्या जन्मात आहे, असे आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले. दोष व्यवस्थेच्या रचनेत आहे, हे बाबासाहेबांनी दाखवून दिले.

हा विषय केवळ कंपन्यांचा आहे असाही समज नको. नॉर्वेत १९७० च्या दशकात संगणकशास्त्रज्ञ क्रिस्टन न्यूगार्ड यांनी धातू कामगारांच्या संघटनेबरोबर काम केले. कारखान्यात संगणक येणार असेल तर तो कसा असावा यात कामगारांना बोलता आले पाहिजे, ही मागणी तिथून पुढे आली आणि १९७५ साली कामगार व मालक संघटनांत तसा करार झाला. आपल्याकडे मुंबई आयआयटीतील आयडीसी ही संस्था १९६९ पासून डिझाईन शिकवते. मोबाईलवर मराठी लिहिण्यासाठी २०१३ साली आलेला ‘स्वरचक्र’ कळफलक तिथलाच. मराठी माणसाची अक्षरे ओळखून यंत्र बनवता येते, हे त्यातून सिद्ध झाले. मग ऊसतोड बाईची अडचण ओळखून अर्ज का बनवता येऊ नये?

कोणी म्हणेल, सेतू केंद्रे आहेत, शिकलेली पोरे आहेत, ती भरून देतील. हाच युक्तिवाद आम्हाला मान्य नाही. पूर्वी कुळकर्ण्याच्या हातात दप्तर होते आणि आमचा अंगठा होता. आज पासवर्ड केंद्रवाल्याकडे आणि ओटीपी आमचा, एवढाच काय तो बदल! मध्यस्थाशिवाय मिळत नाही तो हक्क नव्हे, ती मेहेरबानी असते.

कायदाही आता आपल्या बाजूने बोलू लागला आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रज्ञा प्रसून खटल्यात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. अ‍ॅसिड हल्ल्यातील पीडित आणि अंध व्यक्तींना ई-केवायसीत डोळे मिचकावण्याची अट पाळता येत नव्हती, त्यातून हा निकाल आला. अशा प्रणालींच्या चाचणीत अंध व्यक्तींना सहभागी करून घ्यावे, असेही न्यायालयाने बजावले. ग्रामीण व वंचित घटक मागे राहतात याचीही दखल निकालात आहे. म्हणजे अर्जाची सदोष रचना हा आता न्यायालयात मांडण्याचा मुद्दा आहे. पण तो सिद्ध करायला पुरावा लागतो आणि तो पुरावा गोळा करणारी, हे शास्त्र शिकलेली माणसे आपल्याकडे हवीत.

म्हणून आमचे म्हणणे विद्यापीठापुढे आहे. ज्या विद्यापीठाच्या नामांतरासाठी १९७८ ते १९९४ अशी सोळा वर्षे समाज लढला, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाने आपल्या संलग्न महाविद्यालयांत हा विषय संगणकाच्या विद्यार्थ्यांना सक्तीचा आणि कला व विधी शाखेला खुला ठेवावा, तोही मराठीतून. नव्या शैक्षणिक धोरणात क्षेत्रकार्याला गुणांक आहेत. बीड, अंबाजोगाई, माजलगावच्या विद्यार्थ्यांनी त्यात एक सरकारी अर्ज घ्यावा, वस्तीतल्या पाच माणसांना तो स्वतः भरू द्यावा, मध्ये न बोलता पाहावे आणि कोण कुठे अडले ते लिहून काढावे. असे अहवाल जिल्हाधिकाऱ्यांकडे गेले पाहिजेत. ऐकले नाही तर आम्ही ते न्यायालयात नेऊ.

पालकांनी आणि कार्यकर्त्यांनीही एक लक्षात घ्यावे. बारावीनंतर डिझाईनच्या पदवीसाठी यूसीईईडी ही परीक्षा असते आणि तिला कला शाखेचा विद्यार्थीही बसू शकतो. पदवीनंतर सीईईडी असते. कोणत्या अभ्यासक्रमाला कोणती पदवी चालते ते त्या त्या संस्थेच्या पत्रकात पाहावे. अनुसूचित जातींसाठी तिथे राखीव जागा आहेत. आपल्या वसतिगृहांत आणि अभ्यासिकांत एमपीएससीच्या पुस्तकांशेजारी या परीक्षांची माहितीही लागली पाहिजे. अधिकारी होऊन आदेश काढणे मोलाचे आहेच, पण तो आदेश ज्या पडद्यावरून बाईपर्यंत पोहोचतो तो पडदा आखणारेही आपल्यातून तयार व्हायला हवेत. जिचा अर्ज आहे तिची भाषा, तिचा हंगाम आणि तिचे घर ज्यांनी पाहिले आहे, त्यांनी तो आखावा. या वर्षीच्या जयंतीच्या कार्यक्रमात डीजेच्या खर्चातून थोडे पैसे काढून असे एक मार्गदर्शन शिबिर प्रत्येक तालुक्यात घ्यावे, ही आमची समाजबांधवांना विनंती आहे.