कर्जाला मदत म्हणणारी पत्रे

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरांत वसंत ऋतूच्या सुमारास मुलाला कॉलेजात प्रवेश मिळाल्याचे पत्र येते आणि त्याच्या मागोमाग ‘आर्थिक मदती’चे दुसरे. पहिल्यावर पेढे वाटले जातात. दुसरे मात्र कोणी धड वाचीत नाही. तळाची बेरीज पाहिली की कॉलेज उदार ठरते!

या बेरजेत असते तरी काय? परत करावे न लागणारे अनुदान असते. मुलाने ग्रंथालयात वा भोजनगृहात राबून मिळवावयाची मजुरी असते. मुलाच्या नावचे कर्ज असते. आणि पुष्कळदा आईबापांच्या नावचे ‘पेरेंट प्लस’ कर्जही असते. चौघांना एका पंक्तीला बसवून पंगतीचे नाव ‘मदत’! आमचा सावकार निदान कर्जाला कर्ज म्हणत असे. हा माझा आकस नव्हे. अमेरिकी संसदेच्या हिशेब-तपासणी कार्यालयाने २०२२ साली अशी पत्रे तपासली, तेव्हा सुमारे ९१ टक्के कॉलेजे कुटुंबावर पडणारा निव्वळ खर्च एक तर सांगत नाहीत, किंवा कमी करून सांगतात, असा अंदाज निघाला.

‘कुटुंबाचा अपेक्षित वाटा’ हे सरकारी नाव २०२४-२५ च्या शैक्षणिक वर्षापासून गेले व ‘विद्यार्थी साहाय्य निर्देशांक’ आला. जुने नाव गेले हे ठीकच. कॉलेज त्या आकड्याहून कितीतरी अधिक मागत असे, आजही मागते. पण नावाबरोबर एक दिलासाही गेला. दोन भावंडे एकाच वेळी कॉलेजात असली की आईबापांचा वाटा पूर्वी विभागला जाई. केंद्र सरकारच्या सूत्रात आता तसे होत नाही. शिवाय हिशेब दोन वर्षांपूर्वीच्या उत्पन्नाचा! मधल्या काळात बापाची नोकरी सुटली, तर अर्जाला त्याची खबर नसते.

यावर कायद्यात वाट आहे. नोकरी गेल्याचे किंवा मोठ्या दुखण्याचे कागद पुढे केले, तर कॉलेजचा साहाय्य-अधिकारी हा हिशेब बदलू शकतो. परंतु येथे आमचा पांढरपेशा ताठा आडवा येतो. “आपण काय भीक मागायची?” हक्काचे मागण्याची लाज वाटते, निवृत्ती तोंडावर आली असता कर्जरोख्यावर सही करण्याची वाटत नाही! पुण्याला फोन करून सांगण्याजोगे नाव हवे ना! मग आपल्याच राज्यातल्या सरकारी विद्यापीठाचे पत्र न उघडताच बाजूला पडते.

आणि हे सारे मुलापासून लपवून. “त्याला कशाला पैशाचा घोर?” म्हणे! अहो, त्यातल्या एका कर्जावर सही त्याचीच व्हावयाची आहे. वर्षाच्या एकूण खर्चातून, खोली-जेवण व पुस्तके धरून, फक्त अनुदान वजा करा. ते चारही वर्षे टिकणार की पहिल्याच वर्षापुरते आहे, हे कॉलेजला विचारा. उरलेल्याला चारने गुणा आणि तो कागद होकार कळवण्याआधी मुलाच्या हाती द्या.