होडीचा विमा : हप्त्याआधी शर्ती

भिलाईच्या सेक्टर १० मध्ये राहणाऱ्या माणसाने सहलीच्या नौकेच्या विम्यावर लेख लिहावा, याचे वाचकांना नवल वाटणे स्वाभाविक आहे. येथून कोणत्याही दिशेने निघाले तरी समुद्र शेकडो किलोमीटर दूर. आमची जलसफर म्हणजे मैत्रीबागेच्या तळ्यातील पायडलची होडी. फार हौस असेल तर धमतरीजवळचे गंगरेल धरण. तथापि या गावाचे समुद्राशी काहीच नाते नाही असेही म्हणता येणार नाही. २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलात दाखल झालेल्या ‘विक्रांत’साठी जे विशेष पोलाद लागले, त्यात भिलाईच्या कारखान्याचाही वाटा होता. प्लेट मिलमध्ये आयुष्य घालवलेली माणसे आमच्या स्ट्रीटवर आजही सकाळी फिरावयास निघतात. त्यांच्यापैकीच एका स्नेह्यांमुळे हा विषय माझ्या वाट्याला आला.

हे गृहस्थ मूळचे मालवण तालुक्यातील. कर्ली खाडीच्या काठी वडिलोपार्जित घर, तेथे पुतण्याचे कुटुंब. निवृत्तीनंतर त्यांनी बालपणीची इच्छा पुरी केली आणि अठरा फुटी फायबरची होडी व तिला एक आऊटबोर्ड इंजिन घेतले. उद्देश एवढाच, की मे महिन्यात भिलाईची नातवंडे गावी गेली की त्यांना खाडीतून फिरवावे. होडी आणि इंजिन मिळून साडेसहा लाख रुपये झाले. निम्मी रक्कम निवृत्तीच्या पैशातून, निम्मी कर्जाऊ. कर्ज म्हटले की विमा आलाच. त्यांनी दोन कंपन्यांची दरपत्रके आणून माझ्यासमोर ठेवली. बँकेत चौतीस वर्षे काढलेला शेजारी, तेव्हा याला कळत असेल, असा त्यांचा समज. विम्याची रक्कम दोहोंत सारखी होती आणि हप्त्यात वर्षाला २,३०० रुपयांचा फरक होता. मी पाच मिनिटांत स्वस्त कागदावर बोट ठेवले.

त्या कागदाच्या चौथ्या पानावर एक ओळ होती : होडी १ जूनपासून ३० सप्टेंबरपर्यंत पाण्याबाहेर ओढून ठेवलेली असेल. कोकणातील कोळी बांधवांना हे कोणी सांगावे लागत नाही. पावसाळा तोंडावर आला की ते आपल्या होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारतात आणि नारळीपौर्णिमेनंतरच पुन्हा समुद्राचे तोंड पाहतात. पण पुतण्या नोकरदार. त्यास त्या आठवड्यात माणसे मिळाली नाहीत, आणि होडी खाडीत नांगरलेलीच राहिली. जूनच्या पहिल्या आठवड्यातील एका वादळी रात्री ती पाण्याने भरून बुडाली. इंजिन सुटून तळाशी गेले. दावा नामंजूर झाला. दुसऱ्या कंपनीच्या कागदात ही तारीख छापलेली नव्हती. मालकाने स्थानिक परिस्थितीनुसार ती कळवावी, असे तेथे लिहिले होते. होडी खाडीच्या तळाशी गेली, कर्जाचे हप्ते मात्र भिलाईत चालू राहिले. स्नेह्यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर बरे वाटले असते.

माझी चूक कोठे झाली, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. ती मोटारीच्या सवयीची चूक होती. मोटारीचा विमा घेताना आपण केवळ हप्ता विचारतो, आणि तेथे ते बऱ्याच अंशी चालूनही जाते. कारण मोटार पॉलिसीची मूळ भाषा सर्व कंपन्यांकडे जवळजवळ एकच आहे आणि त्रयस्थ व्यक्तीच्या दायित्वाचा हप्ता तर शासनच ठरवून देते. नौकेचे तसे नाही. तेथे कंपनी निवडणे म्हणजे शब्द निवडणे होय. एकाच रकमेचे दोन विमे प्रत्यक्षात दोन निराळ्या वस्तू असू शकतात, आणि त्यांतील स्वस्त कोणता हे वाचल्यावाचून सांगता येत नाही.

शिवाय कायदाही येथे अधिक कठोर आहे. आपला सागरी विम्याचा कायदा १९६३ चा. त्याच्या १९ व्या कलमाने हा करार परमविश्वासाचा ठरवला आहे. ३५ वे कलम सांगते की विमाधारकाने दिलेली हमी तंतोतंत पाळली गेली पाहिजे, मग ती जोखमीच्या दृष्टीने महत्त्वाची असो वा नसो. त्यापुढील कलम तर असे म्हणते, की हमीचा भंग झाल्यानंतर नुकसान होण्यापूर्वी तो दुरुस्त केला तरी ती सबब चालणार नाही. या प्रकरणी कंपनीने अन्याय केला, असे मी म्हणू शकत नाही. शर्त लेखी होती. वाचणारा बेसावध होता.

सहलीच्या नौकांसाठी जगभर प्रचलित असलेला एक कलमसंच आहे, ‘इन्स्टिट्यूट यॉट क्लॉजेस’, लंडनमध्ये १९८५ साली तयार झालेला. अनेक पॉलिसींची भाषा त्यावरच बेतलेली असते. मी तो नंतर, म्हणजे फार उशिरा, वाचून काढला. आऊटबोर्ड इंजिन निसटून पाण्यात पडले तर त्याची भरपाई त्यात नाही. आणि आपल्याकडील लहान होडीत निम्मी किंमत इंजिनाचीच असते! सतरा नॉटपेक्षा, म्हणजे ताशी सुमारे एकतीस किलोमीटरपेक्षा अधिक वेगाची क्षमता असलेल्या नौकेला वेगळे, अधिक कडक कलम लागते. अशी नौका उघड्या किनाऱ्यासमोर कोणी राखणदार नसताना नांगरून ठेवली आणि बुडाली, तर दावा मिळत नाही. मालवण असो वा दापोली, संध्याकाळी किनाऱ्यावर उभे राहून पाहावे. अशा किती होड्या डुलत असतात! नौका ट्रकवरून नेताना कोणास इजा झाली तर त्याचे दायित्वही या संचात नाही. या गोष्टी वाढीव हप्ता भरून समाविष्ट करून घेता येतात. परंतु त्यासाठी त्या वगळलेल्या आहेत हे आधी ठाऊक असावे लागते.

सर्वांत फसवी शर्त ‘केवळ खाजगी वापर’ ही होय. मालवण-तारकर्लीला पर्यटक वाढले आहेत. सुट्टीत रिकामी उभी असलेली होडी पाहून कोणी विचारतो, ‘काका, आम्हाला एक फेरी मारून आणता का? पेट्रोलचे पैसे देतो.’ यात गैर काय, असे कोणासही वाटेल. पण पैसे घेऊन माणूस बसवला की ती नौका खाजगी उरत नाही, आणि त्या फेरीपुरता विमा नाही असे समजावे. ज्यांना अशा फेऱ्या मारायच्याच आहेत त्यांनी तसे उघड सांगून, अधिक हप्ता भरून, प्रवासी नौकेचा विमा घ्यावा. लपवून वाचवलेला हप्ता हा बचतीत धरू नये.

होडी गेली तर पैसे जातात. माणसे गेली तर काय, हा प्रश्न मी त्या पाच मिनिटांत विचारलाच नव्हता, आणि आज तोच मला अधिक बोचतो, कारण त्या होडीत आमच्या स्ट्रीटवरची मुले बसणार होती. जुलै २०१७ मध्ये नागपूरजवळच्या वेणा जलाशयात सहलीस गेलेल्या तरुणांची होडी उलटून आठ जण बुडाले. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीतील बारा मुले आणि दोन शिक्षिका गेल्या. त्या होडीत क्षमतेहून अधिक माणसे बसवली होती. दोन्ही ठिकाणी खवळलेला समुद्र नव्हता; आपल्या मैत्रीबागेसारखेच शांत दिसणारे पाणी होते. विमा कोणाचेही मूल परत आणीत नाही. परंतु पाहुणा म्हणून बसलेल्या मुलास इजा झाली तर उपचाराचा आणि भरपाईचा भार कोण उचलणार, हे पॉलिसीत स्पष्ट असावयास हवे. दायित्वाची मर्यादा किती, तीत नौकेतील पाहुणे येतात की केवळ बाहेरचे त्रयस्थ, सुकाणूवर मालकाऐवजी पुतण्या असेल तर काय, आणि क्षमता किती जणांची नोंदवली आहे, ही उत्तरे कंपनीकडून लेखी घ्यावीत. अंतर्देशीय नौकांच्या २०२१ च्या कायद्याने, ज्याने १९१७ चा जुना कायदा मोडीत काढला, अंतर्देशीय पाण्यात चालणाऱ्या यंत्रचलित नौकांना विमा बंधनकारक केला आहे. तेव्हा हा आता केवळ हौसेचा विषय राहिलेला नाही.

मग कंपनी सरकारी घ्यावी की खाजगी? हा प्रश्न मला सेक्टर १० च्या बाजारात भाजी घेतानासुद्धा विचारला जातो. १९७२ च्या राष्ट्रीयीकरणातून आलेल्या चार सरकारी कंपन्या आपल्या परिचयाच्या आहेत; २००० नंतर खाजगीही पुष्कळ आल्या. माझे मत असे, की मालकी कोणाची यापेक्षा कागद करणाऱ्या कार्यालयाने यापूर्वी लहान होडीचा एखादा दावा हाताळला आहे काय, हे पाहावे. दावे निकाली काढण्याच्या टक्केवारीवरही फार विसंबू नये. नौकांच्या विम्याच्या आकड्यांत मोठमोठ्या जहाजांचेच वजन असते; त्यावरून अठरा फुटी होडीचे भविष्य कळत नाही. भिलाईतील एजंट प्रामाणिक असेल, पण त्याने होडीची पॉलिसी आयुष्यात पाहिलेली नसते. त्यापेक्षा जेथे होडी आहे तेथला, किनाऱ्यावरचा कार्यालयप्रमुख गाठावा. नुकसान झाल्यास सर्व्हेअर कोणत्या गावाहून येईल, आणि तो येईपर्यंत बुडालेली होडी वर काढण्याचा खर्च कोण देईल, हे त्यास विचारावे. उत्तर देताना तो अडखळला तर निवड करणे सोपे झाले.

किंमत आधी ठरवून घ्यावी हेही येथेच सांगतो. १९६३ च्या कायद्याप्रमाणे पॉलिसीत मूल्य ठरवून लिहिले असेल आणि कपट नसेल, तर तेच मूल्य उभयपक्षी बंधनकारक असते. दर वर्षी मोटारीची किंमत घसरते तसा घसाऱ्याचा वाद मग पूर्ण नुकसानीच्या वेळी उद्भवत नाही.

आता थोडे आपल्या बँकेविषयी, आणि हे मी माझ्या माजी सहकाऱ्यांस उद्देशून लिहितो. कर्जाच्या फाइलला पॉलिसीची प्रत लागली, तीवर बँकेचे नाव आले आणि मुदत चालू असली की आपले काम संपले असे आपण मानतो. मीही वर्षानुवर्षे तेच केले. पण शर्तभंगामुळे दावा नामंजूर झाला तर बँकेचे तारणही त्याच पाण्यात जाते. आपल्या काउंटरवर ज्या कंपन्यांचा विमा मिळतो, त्यांपैकीच एक घ्यावी अशी ग्राहकावर सक्ती करता येत नाही. त्याने बाहेरून चांगला कागद आणला तर तो आनंदाने स्वीकारावा. मंजुरीपत्र हाती देताना ‘होडी पावसाळ्यात कोठे असते?’ एवढे विचारण्यास अर्धा मिनिट लागतो.

दावा अन्यायाने नाकारला गेल्यास प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात समाधान न झाल्यास विमा लोकपालांकडे जाता येते. त्यास शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. होडी मालवणला असली तरी तक्रारदार राहतो तेथील लोकपालांकडे दाद मागता येते, म्हणजे छत्तीसगडच्या रहिवाशांसाठी भोपाळ. आमच्या स्नेह्यांना मी हे सुचवले होते. ते म्हणाले, ‘साहेब, ओळ छापलेली होती. लोकपाल ती कशी पुसणार?’ त्यांचे बरोबर होते.

होडी त्यांनी वर काढून दुरुस्त करून घेतली आहे. यंदा मेच्या मध्यासच पुतण्याने ती घराच्या अंगणात आणून शाकारली. २०२१ साली ‘तौक्ते’ वादळ मेच्या मध्यातच कोकणाला झोडपून गेले होते, हे आता घरात सर्वांच्या लक्षात आहे. नव्या विम्याची दोन दरपत्रके घेऊन ते परवा पुन्हा आले. या वेळी आम्ही दोघांनी चष्मे लावून संध्याकाळचे दोन तास वाचन केले. एका कागदात ‘सुरक्षित ठिकाणी ठेवलेली असेल’ असे शब्द आहेत. अंगण सुरक्षित ठिकाण धरले जाते काय, असे पत्र आम्ही त्या कंपनीस पाठवले आहे. उत्तर अद्याप आलेले नाही, आणि ते येईपर्यंत हप्ता भरलेला नाही.